अस्तर

श्वास ओढायच्या आधीच हवा आली. गार्गीने रेग्युलेटर तोंडातून काढला, हातात धरला आणि त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

देवबागच्या खाडीकाठी कुबलांचं डायव्हिंग सेंटर होतं आणि त्याच्यामागे पत्र्याची एक शेड. सकाळपासून ती तिथेच बसली होती. चार दिवसांवर अंगरिया बँकेची सफर आली होती. किनाऱ्यापासून खूप आत, समुद्राच्या पोटात दडलेलं ते प्रवाळाचं पठार. तिथे उतरायची परवानगी मिळवताना नाकी नऊ येत. पुण्याहून सहा जण येणार होते. एवढ्या आत काही बिघडलं तर जवळ दुकान नाही की दवाखाना नाही, म्हणून निघण्याआधी एकेक सेट स्वतःच्या हाताने तपासायचा, हा तिचा नेम होता. नळीला चीर पडलीय का पाहायचं. माउथपीस चावून फाटलाय का पाहायचं. टाकी बंद ठेवून श्वास ओढायचा. तेव्हाही हवा आली तर कुठेतरी गळती आहे समजायचं. मग टाकी उघडायची, सगळं बादलीत बुडवायचं आणि बुडबुडे शोधायचे.

हातातल्या या सेटला निळी टेप गुंडाळलेली होती. सेंटरमधला हा सगळ्यात लाडका सेट. एकदा वापरलेली माणसं पुढच्या वर्षी फोनवरच सांगत, आम्हाला तो निळ्या टेपचाच ठेवा.

टाकीत हवा ठासून भरलेली असते. ती तशीच तोंडात आली तर फुप्फुसं फाटतील. म्हणून टाकीच्या तोंडाशी एक भाग बसवतात, तो दाब उतरवतो. तिथून नळीने हवा तोंडातल्या डबीपर्यंत येते आणि दाराशी थांबते. डबीत एक गोल रबरी पडदा असतो. माणसाने श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, एक छोटी दांडी दाबली जाते, झडप उघडते आणि हवेचा एक घोट मिळतो. म्हणजे हवा मागावी लागते, प्रत्येक वेळी. निळ्या टेपचा सेट मागायच्या आत देत होता.

डबीच्या झाकणावर कंपनीचं सील होतं: उघडू नये, अस्तर जिवंत आहे. गार्गीने नखाने सील फोडलं आणि झाकण फिरवलं.

आत पडदा दिसेना. त्याच्या जागी मांस होतं. हे मांस नाही, हे तिला कळत होतं. पण डोळ्यांना दुसरा शब्द सुचत नव्हता. काळजाच्या रंगाचं, ओलं, चकचकीत, गालाच्या आतल्या बाजूसारखं घड्या पडलेलं काहीतरी रबरावर चढून, दांडीला वेढा घालून बसलं होतं. दांडी त्याच्या वजनानेच अर्धी दाबली गेली होती. कडेला पिवळसर पांढऱ्या पुळ्या होत्या. बाहेरची हवा लागली तसं ते कोरडं पडत हळूच आकसलं, आणि गार्गीच्या हातून डबी टेबलावर पडली.

मग वास आला. सडका नव्हता. फाटलेलं दूध आणि ओलं नाणं यांच्या मधला, कोमट. त्याहून वाईट म्हणजे तो वास तिच्या ओळखीचा होता. वर्षभर ती तो रोज हुंगत होती. सिद्धेशला ॲसिडिटी झाली असेल, असं तिने धरलं होतं.

तो तिच्या नवऱ्याच्या तोंडाचा वास होता.

*

गार्गी मूळची नाशिकची. गोव्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत असताना सुट्टीत डायव्हिंग शिकायला देवबागला आली, शिकवणाऱ्या सिद्धेश कुबलच्या प्रेमात पडली आणि इथलीच झाली. सेंटर तेव्हा सिद्धेश आणि त्याचा दोस्त रुपेश मिळून चालवत. रुपेश गेला तो पाण्यातच. तुटून तळाशी पडलेल्या जाळ्यात त्याचा पाय अडकला आणि सिद्धेश हातातल्या सुरीने एकेक दोरा कापत असताना त्याच्या डोळ्यांदेखत रुपेशची हवा संपली. त्यानंतरचे महिने गार्गीला आठवायला नको वाटत. सिद्धेश जेवणावरून उठून जाई, क्षुल्लक गोष्टीवरून गिऱ्हाइकांवर ओरडे, आणि पाण्यात उतरायची वेळ आली की त्याचे हात थरथरत.

त्याच सुमारास अस्तर आलं. समुद्रातल्या एका जीवाणूत थोडे फेरफार करून प्रयोगशाळेत ते तयार केलेलं होतं. रबरावर ते पातळ सायीसारखं पसरे. डायव्हरच्या श्वासातला ओलावा आणि लाळेचा अंश एवढ्यावर जगे. बुरशीला थारा देत नसे, मीठ साचू देत नसे, आणि रबराला बारीक भेग पडली तर स्वतःच्या धाग्यांनी ती बुजवून टाके. दरवर्षी सगळे सेट खोलायचे, घासायचे, रबरी कड्या बदलायच्या, हे काम संपलं. गिऱ्हाइकंही खूश होती. श्वास कसा लोण्यासारखा येतो म्हणत. हवा जास्त वेळ पुरू लागली, डाइव्ह लांबले. प्रत्येक सफरीनंतर ॲपवर तारे द्यायचे, कमी तारे मिळालेले सेट कंपनीला परत पाठवायचे, कंपनी नवे पाठवणार, असा करार होता.

आणि सिद्धेश सुधारला. ओरडणं बंद झालं, हात थरथरायचे थांबले. काळ हेच औषध, असं सगळे म्हणाले आणि गार्गीनेही ते मानलं. काही गोष्टी खटकल्या होत्या खऱ्या. रुपेशच्या वर्षश्राद्धाला त्याच्या आईच्या समोर बसून सिद्धेश अगदी चवीने जेवला होता आणि दोनदा खीर मागून घेतली होती. पंगतीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गार्गीने मान खाली घातली, पण घरी येऊन काही बोलली नाही. घरात शांतता होती आणि तिला ती हवी होती.

*

सिद्धेश शेडमध्ये आला तेव्हा ती नाकाला ओढणी लावून बसली होती. त्याने उघडी डबी पाहिली.

"कशाला उघडलंस?" तो म्हणाला. "त्याला त्रास होतो."

रागाचा लवलेश नव्हता. त्याने डबी उचलली, आत वाकून पाहिलं आणि तोंडात लाळ जमवून सावकाश त्या मांसल घड्यांवर सोडली. अंगठ्याने ती हळुवार पसरली, बाळाच्या टाळूला तेल चोळावं तशी. झाकण लावलं. डबी तोंडात धरून, डोळे मिटून त्याने लांब लांब श्वास घेतले. बिडी ओढणारा माणूस दिवसाची पहिली बिडी ओढतो, तसा चेहरा झाला त्याचा.

हे किती दिवस चाललंय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, रोज थोडा वेळ, बरं वाटतं. घाण काय त्यात, आपल्या आतड्यात काय असतं मग, दह्यात काय असतं. त्याचं बोलणं बरोबर होतं आणि त्याच्या खालच्या ओठावरून गुलाबी तार लोंबत होती.

तो गेल्यावर तिने दुसरा सेट उघडला, मग तिसरा. सगळ्यांत तेच होतं, कुठे कमी, कुठे जास्त. ज्या सेटना लोक जास्त तारे देत, त्यात सगळ्यात जाड.

मालवणच्या मासळी बाजारात हल्ली प्रत्येक कोळणीकडे काडेपेटीएवढी एक डबी असे. माशाचा कण तिच्यात टाकला की कुठले जीवाणू आहेत आणि मासा किती शिळा आहे ते कळे. गार्गीने तसली डबी आणून तिच्यात अस्तराचा तुकडा टाकला आणि डबीने दाखवलेली सगळी माहिती शर्वाणीला पाठवली. शर्वाणी तिची कॉलेजची मैत्रीण, आता पणजीला संशोधक. तिने सांगितलं, तुमच्यात रोज पाण्यात उतरणारा जो असेल त्याच्या हिरड्यांवर कापूस फिरवून तोही तपास.

सिद्धेशने विनातक्रार आ केला. खिडकीच्या उजेडात गार्गीने पाहिलं. दाढांच्या मागे, हिरड्यांवर, टाळूच्या कडेने तोच काळजाचा रंग पसरला होता. पातळ, ओला पडदा. कापूस लावला तसा तो कापसाला चिकटून थोडा लांबला आणि सुटून पुन्हा जागेवर बसला. या तोंडाचं चुंबन घेतलं होतं तिने. तिने कापूस तपासायच्या डबीत टाकला, न्हाणीघरात गेली आणि मिठाच्या पाण्याने, मग चक्क साबणाने तोंड धूत राहिली. जीभ सोलवटली तरी ते धुतलं गेल्यासारखं वाटेना.

संध्याकाळी शर्वाणीचा फोन आला. ती उत्तेजित झाली होती आणि तिला त्याची लाजही वाटत होती. तिने नीट समजावून सांगितलं. माणसाला गुदमरल्यासारखं होतं ते हवा कमी पडल्यामुळे नव्हे. आपण सोडायचा तो कार्बन डायऑक्साइड रक्तात साचू लागला की मेंदूत एक घंटा वाजते, आणि त्या घंटेची भीती म्हणजेच गुदमरणं. अस्तरातले काही जीवाणू एक बारीक रेणू तयार करत होते. तो श्वासातून, हिरड्यांतून रक्तात जात होता आणि त्या घंटेला कापूस गुंडाळत होता. माणूस शांत होतो, श्वास मंदावतो, हवा पुरते. आणि ही घंटा निव्वळ श्वासाची नाही. धोका, शरम, दुःख, किळस, यांच्या तारा तिच्या आसपासच जोडलेल्या असतात.

"पण मूळ जीवाणूत हे नव्हतं," गार्गी म्हणाली. "हे बनवलं कुणी?"

"तुम्ही," शर्वाणी म्हणाली.

शर्वाणीने पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं. जीवाणू दिवसाला कितीतरी पिढ्या बदलतात. त्यातला एखादा चुकून असा रेणू बनवू लागला. ज्या सेटमध्ये तो होता, त्याला लोकांनी जास्त तारे दिले. कमी ताऱ्यांचे सेट परत गेले, नष्ट झाले. जास्त ताऱ्यांच्या सेटमधून कंपनीने पुढचं बियाणं काढलं. जास्त दूध देणाऱ्या म्हशीची पैदास करावी, तशी लोकांनी आपल्याला सुख देणाऱ्या बुळबुळीची पैदास केली होती, एकेक तारा दाबून. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

*

सफर रद्द करू, असं गार्गी म्हणाली. सिद्धेश म्हणाला, बरं. मग तिनेच विचार केला की परवानगी वाया जाईल आणि पुन्हा वर्षभर मिळायची नाही. जुने, अस्तर नसलेले सेट माळ्यावर पडलेत, ते तयार करू, असं म्हणाली. त्यालाही तो बरं म्हणाला. याआधी अशा प्रत्येक "बरं"ला ती समजूतदारपणा म्हणायची. आता तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला की तिला हिरड्यांवरचा ओला पडदा दिसे.

तिने दोन दिवस घासण्यात काढले. जुन्या सेटचे सुटे भाग व्हिनेगरमध्ये भिजवले, ब्रशने मीठ काढलं, कडक झालेल्या रबरी कड्या फेकून नव्या बसवल्या, सिलिकॉनचं ग्रीस बोटाने लावलं. धातू धातूसारखा दिसत होता, रबर रबरासारखं. त्या कोरड्या, निर्जीव वस्तूंचा वासही तिला सुखाचा वाटला. अस्तराचे सेट तिने एका खोक्यात बंद केले आणि शेडच्या कोपऱ्यात ठेवले.

सफरीच्या दिवशी उजाडताना बोट अंगरियावर पोचली. बोट चालवणारे इनासकाका सिद्धेशच्या वडिलांबरोबर मासेमारी केलेले. त्यांनी सिद्धेशला लहानपणापासून पाहिलेलं. गार्गीने पुण्याच्या मंडळींना डेकवर बसवून सगळं सांगितलं, फोनवर काढलेला उघड्या डबीचा फोटोही दाखवला. बहुतेकांनी तोंडं वाकडी केली आणि जुने सेट निमूट घेतले. दीक्षित म्हणून एक गृहस्थ मात्र गेल्या वर्षी निळ्या टेपवर उतरलेले होते. ते हसले. श्वास ओढायलासुद्धा कष्ट पडणार असतील तर सुट्टी कसली, म्हणाले. वाद घालून पाहिला, शेवटी कुरकुरत जुना सेट घेतला. या गडबडीत सिद्धेश बोटीच्या मागच्या बाजूने कधी पाण्यात गेला ते तिने पाहिलं नाही.

खाली पाणी काचेसारखं होतं. पठारावर प्रवाळाची बेटं पसरली होती, त्यांच्यावरून पिवळ्या माशांचे थवे सरकत होते. गार्गी पुढे, मंडळी मध्ये, सिद्धेश शेवटी. ती वरचेवर मागे वळून माणसं आणि त्यांचे बुडबुडे पाहत होती. नवशिक्याचे बुडबुडे भराभर येतात, सरावलेल्याचे सावकाश. माणूस डोळ्यांआड झाला तरी बुडबुड्यांवरून सापडतो.

बऱ्याच वेळाने ती मागे वळली तेव्हा एका माणसाच्या डोक्यावर बुडबुडे नव्हते.

सिद्धेश एका मोठ्या पंख्यासारख्या प्रवाळासमोर तरंगत होता. हात सैल सोडलेले. मनगटावरचं घड्याळ लाल होऊन धडधडत होतं, टाकी रिकामी झाल्याचं ओरडून सांगत होतं. तोंडात निळ्या टेपचा सेट होता; शेडमधल्या खोक्यातून त्याने तो उचलून आणला होता. डोळे उघडे, शांत, कौतुकाने प्रवाळाकडे लागलेले. समोर देव्हारा असावा तसे.

ती जीव खाऊन पोहली. स्वतःचा जादा रेग्युलेटर त्याच्यासमोर धरला. सिद्धेशने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि अंगठा व तर्जनी जोडून खूण केली: ठीक आहे. त्याच्या छातीत हवेचा कण नव्हता आणि तो तिला ठीक आहे म्हणत होता.

तिने त्याच्या तोंडातला सेट धरून ओढला. निघेना. त्याने दात आवळले नव्हते; तोच त्याला धरून बसला होता. दुसऱ्यांदा तिने सगळा जोर लावला, तेव्हा माउथपीस सुटला आणि त्याच्या ओठांपासून डबीपर्यंत गुलाबी, जाड तार ताणली गेली. ती लांबत गेली, लांबत गेली आणि तुटली. तुटलेला तुकडा पाण्यात डुलत राहिला. दोन चिमुकले मासे येऊन तो टोचू लागले. गार्गीने आपला रेग्युलेटर त्याच्या ओठांत कोंबला आणि बटण दाबून हवा आत सोडली. तो खोकला. पुन्हा खोकला. मग त्याच्या तोंडून बुडबुड्यांचा मोठा लोट वर गेला.

तिने बाकीच्यांना वर यायची खूण केली आणि त्याला दंडाला धरून, थांबत थांबत वर आणलं.

डेकवर इनासकाकांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं. त्याचे ओठ निळे पडले होते. तो हसत होता. कशाला एवढी घाई केलीस, किती छान होतं खाली, असं म्हणाला. रुपेशही असाच गेला असेल तर वाईट नाही, हेही म्हणाला, आणि हसणं तसंच राहिलं. ज्याने रुपेशचं तडफडणं हातभर अंतरावरून पाहिलं होतं, तो हे बोलत होता. गार्गीला त्या हसण्याची इतकी शिसारी आली की तिने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"ह्यो आपलो सिद्धेश न्हय गो बाय," इनासकाका हळूच म्हणाले.

*

कुडाळच्या दातांच्या डॉक्टरांनी आणि शर्वाणीने मिळून उपाय ठरवला: हिरड्या खरवडायच्या, कडू औषधाने दिवसातून अनेकदा चुळा भरायच्या, आणि पाण्यात उतरायचं नाही. गार्गीने सिद्धेशला विचारलं, तो बरं म्हणाला. हे विचारणं म्हणजे फार्स आहे, हे तिला ठाऊक होतं. तो कशालाही बरंच म्हणाला असता. तरी त्या एका शब्दाच्या आधाराने तिने उपचार सुरू केले आणि आपण बळजबरी करत नाही अशी स्वतःची समजूत घातली.

बेसिनमध्ये रोज गुलाबी धागे पडत. ते जाळीला अडकत, वळवळल्यासारखे दिसत आणि ती त्यावर उकळतं पाणी ओती. फाटलेल्या दुधाचा वास आधी वाढला, मग हळूहळू ओसरू लागला. एके दिवशी सिद्धेशने औषध थुंकून टाकलं आणि म्हणाला की हे फार कडू आहे. त्यानंतर आमटीत मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरला. गार्गीला वाटलं, नाचावं.

तो आनंद टिकला नाही. एका दुपारी जेवताना त्याचा घास हातातच राहिला.

"मी दोनदा खीर मागितली होती," तो म्हणाला. "सुनंदामावशींनी वाढली. त्यांच्या हातून."

सुनंदामावशी म्हणजे रुपेशची आई. सिद्धेश ताटावरून उठला आणि तसाच, खरकट्या हाताने त्यांच्या घराकडे गेला. तिथे काय झालं ते गार्गीला नंतर शेजारणीकडून कळलं. मावशींनी त्याला बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हणाल्या नाहीत. त्याचे हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं आणि तो रडत असताना अंगणात सुकट निवडत राहिल्या. अस्तर आल्यापासून सिद्धेश त्या दारावरून रोज हसत, हात करत जात होता. मावशींनी तेवढ्या दिवसांत त्याच्याबद्दल काय काय गिळलं असेल, हे त्याला आता समजत होतं.

घरी आल्यावर तो गार्गीशी दोन दिवस बोलला नाही. बोलला तेव्हा आवाज चढलेला होता.

"मला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं. तू बरं म्हणालास."

"तो मी नव्हतो."

"मग मी कुणाला विचारायचं होतं, सिद्धेश?"

तो जेट्टीवर जाऊन पाण्याकडे पाठ करून बसे. त्याचे हात पुन्हा थरथरू लागले होते. पाण्याचा काठ जवळ आला की पाय मागे येत. मी सुखात होतो, तुला सहन झालं नाही, असं तो एकदा म्हणाला, आणि ते खोटं आहे असं तिला म्हणता येईना.

*

गार्गीने सगळी माहिती कंपनीला आणि सरकारी खात्याला कळवली होती. खात्याचं पत्र आलं नाही. कंपनीचे सबनीस नावाचे अधिकारी मात्र स्वतः आले, मिठाईचा पुडा घेऊन. सभ्य, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी दोघांचे आभार मानले. डबीवर आता सूचना छापली आहे म्हणाले: घड्याळाकडे लक्ष ठेवा. मग खुर्ची पुढे ओढून मुद्द्यावर आले. देशभरातल्या सेटमध्ये सगळ्यात जास्त तारे देवबागच्या सेटना होते. निळ्या टेपचा सेट त्यांना हवा होता. आणि माणसाच्या तोंडात इतका काळ टिकलेलं अस्तर दुसरीकडे कुठे सापडलं नव्हतं, तेव्हा सिद्धेशच्या हिरड्यांवर अजून काही उरलं असेल तर त्याचा कापसावर घेतलेला अंशही. योग्य मोबदला मिळेल. बियाणं म्हणून.

"कशाचं बियाणं?" गार्गीने विचारलं. "डायव्हिंगसाठी?"

सबनीस हसले. डायव्हिंग करतात किती लोक, म्हणाले. आता टाकीची, नळीची गरजच नाही. परीक्षेला बसणारी मुलं, कचेरीतली माणसं, दवाखान्याबाहेर ताटकळणारे नातेवाईक, सगळ्यांनाच घडीभर शांतता हवी असते. त्यांनी बॅगेतून एक छोटी डबी काढून टेबलावर उघडली. आत ओल्या कापसाच्या गादीवर एक माउथपीस ठेवला होता. नुसतं तोंडात धरायचं. लहान मुलांच्या चोखणीसारखं, पण मोठ्यांसाठी. त्याच्यावर काळजाच्या रंगाची साय चकाकत होती.

"हे अगदी ताजं आहे," सबनीस म्हणाले. "आजच सकाळी ओलं केलंय."

कुणी, हे त्यांनी सांगितलं नाही.

सिद्धेश त्याच्याकडे टक लावून पाहत होता. त्याचा थरथरता हात पुढे गेला तेव्हा तिने तो धरावा असं तिला वाटलं, पण तिने धरला नाही. एकदा त्याच्या वतीने ठरवून झालं होतं. त्याने माउथपीस उचलला. तोंडाजवळ नेला. त्याच्या नाकपुड्या फुलल्या.

आधी त्याची मान मागे गेली. मग चेहरा सुरकुतला, ओठ दातांवरून मागे ओढले गेले आणि घशातून एक कळवळल्यासारखा आवाज आला. माउथपीस त्याच्या हातून गळून टेबलावर चिकटला. तो दाराकडे धावला, पण दारापर्यंत पोचला नाही. सकाळचं सगळं उलटून पडलं, जमिनीवर, उंबऱ्यावर, सबनीसांच्या बॅगेवर. पोट रिकामं झालं तरी त्याला उमासे येत राहिले.

गार्गी त्याच्याजवळ जाऊन बसली. एका हाताने त्याचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळत राहिली. त्याची लाळ तिच्या मनगटावरून ओघळली. ती आंबट होती, पित्ताची होती, माणसाची होती. तिने ती पुसलीसुद्धा नाही.

सबनीसांनी बॅग रुमालाने धरून उचलली, माउथपीस चिमट्याने सोडवून डबीत ठेवला. काही हरकत नाही, म्हणाले. इतर किनाऱ्यांवरची बरीच सेंटरं नमुने द्यायला तयार आहेत, कुणाचीच काही तक्रार नाही. मिठाईचा पुडा मात्र त्यांनी टेबलावरच राहू दिला. गाडी वळून रस्त्याला लागल्याचा आवाज आला.

सिद्धेशने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे माझ्या तोंडात होतं," तो म्हणाला. "आणि तू..." वाक्य पुरं न करता त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मग म्हणाला, "मला फार भीती वाटते, गार्गी. पाण्याची. सगळ्याचीच."

"मलाही वाटते," ती म्हणाली.

मग ती उठली, राख आणि बादलीभर पाणी घेऊन आली, आणि दोघांनी मिळून जमीन धुवायला घेतली.